फ्लूची लस कार्डात नाही, मग लहान मुलांना द्यायची की नाही? (सोलापूर)

ओवीची_आई | ४ मे, रात्री १०.१५

नमस्कार. मुलं झोपलीत, म्हणून आता सविस्तर लिहिते.

मला दोन मुलं. ओवी साडेतीन वर्षांची, येत्या जूनपासून छोट्या गटात जाईल. अर्णव आठ महिन्यांचा. परवा अर्णवला वजनासाठी डॉक्टरांकडे नेलं होतं. ते म्हणाले, पावसाळ्याआधी दोघांनाही फ्लूची लस देऊन टाका. पहिलंच वर्ष म्हणून प्रत्येकी दोन डोस, मध्ये चार आठवडे. एका डोसचे १,८०० रुपये. दोघांचे मिळून ७,२०० झाले आणि पुढच्या वर्षी पुन्हा एकेक डोस आहेच.

घरी आल्यावर माता-बाल संरक्षण कार्ड काढून बसले. बीसीजीपासून गोवर-रुबेलापर्यंत सगळं त्यात आहे, आशाताईंनी प्रत्येक घरात तारीख घातलीय. फ्लूचं नाव कुठेच नाही. ओवीचे बाबा म्हणाले, "सरकार एवढ्या लसी फुकट देतंय, ही गरजेची असती तर यात नसती का?" सासूबाई म्हणाल्या, "पोराच्या मांड्या आधीच टोचून टोचून दगडासारख्या झाल्यात, आता अजून कशाला?" दोघांचंही मला खोटं पाडता येत नाही.

पण मला गेल्या वर्षीची आषाढी आठवते. सासूबाई पंढरपूरहून आल्या त्या कणकण घेऊनच. तीन-चार दिवसांत ओवी तापली. १०३ च्या खाली ताप उतरेना. तिसऱ्या रात्री मी तिच्या उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होते. झोपेत तिचं पोट भराभर वरखाली होत होतं आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता. मला वाटलं तापामुळे धाप लागलीय, सकाळी दाखवू. सकाळी नेलं तर लगेच अ‍ॅडमिट. तीन दिवस ऑक्सिजन. व्हायरल न्यूमोनिया म्हणाले, फ्लू असू शकतो म्हणाले, पण तपासणी झाली नाही. मला तेव्हा आठवा महिना चालू होता, माझ्याने तिला उचलूनही घेता येत नव्हतं.

ती रात्र पुन्हा नको, एवढंच मला कळतंय. या लसीने ती टळेल का, हे कळत नाही. ज्यांनी दिली आणि ज्यांनी दिली नाही, दोघांनीही लिहा.

शेंगाचटणी | ४ मे, रात्री १०.४०

आम्ही दोघींना दिली, सलग तिसरं वर्ष. धाकटीला एक रात्र अंग गरम होतं, थोरलीचा दंड दुखला. बाकी काही नाही.

आमच्या घरात हा प्रश्नच उरला नाही, त्याला कारण आहे. २०१५ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत माझ्या वहिनीला सातवा महिना होता. साधा ताप म्हणून चार दिवस घरीच होती. पाचव्या दिवशी व्हेंटिलेटरवर. बाळ आणि ती दोघं वाचली, पण ते अकरा दिवस आमचं अख्खं घर दवाखान्याच्या जिन्यात बसून होतं.

कन्नाचौक_राजू | ४ मे, रात्री ११.०५

ताई, मी स्पष्ट लिहायलोय, राग मानू नका. आमच्या घरात चार पोरं वाढली, एकालाही ही सुई दिली नाही. पावसाळ्यात नाक वाहतं, चार दिवस खोकतात, गवती चहा, ओव्याची पुरचुंडी, हळदीचं दूध, पाचव्या दिवशी गल्लीत खेळायला. सर्दी-पडशाला ७,००० रुपये घालायचे असतील तर त्यात वर्षभर दूध-अंडी खाऊ घाला की.

माझ्या साडूच्या पोराला दिली होती लस. महिन्याभरात परत सर्दी. मग काय उपयोग झाला?

अक्कलकोटरोड | ५ मे, सकाळी ८.२०

एक शंका. माझ्या मुलाच्या पेंटाव्हॅलंटच्या (पाच आजारांवरची एकत्र लस) माहितीत "हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी" असं लिहिलंय. पेंटा तर सरकारीत तीनही वेळा झालीय. इन्फ्लुएन्झा म्हणजे फ्लूच, मग तो त्यात आलाच ना? परत वेगळी कशाला?

लसीकरण_सिस्टर | ५ मे, दुपारी २.१०

आजचं सत्र उरकून आत्ता बसले. दर बुधवारी कुणी ना कुणी मला हे विचारतंच, म्हणून आधी पेंटाचं सांगते.

हिमोफिलस इन्फ्लुएन्झा हा जिवाणू आहे, फ्लूचा विषाणू नाही. त्याला हे नाव चुकून पडलं. १८९२ च्या सुमाराला फ्लूची साथ चालू असताना फायफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला रुग्णांच्या नाका-घशात हा जंतू सापडला आणि फ्लू यानेच होतो असा समज झाला. माणसातला फ्लूचा खरा विषाणू १९३३ मध्ये सापडला. तोवर जिवाणूचं नाव रूढ झालं होतं. पेंटातली ही लस मेंदूज्वर आणि एका प्रकारच्या न्यूमोनियापासून वाचवते, तिचं काम मोठंच आहे. पण ती फ्लू अडवत नाही.

आता कार्डाचं. ओवीच्या बाबांना सांगा, मी २८ वर्षं हे कार्ड भरतेय आणि या काळात ते किती वेळा बदललं ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. जुलाबांवरचे रोटाव्हायरसचे थेंब महाराष्ट्रात २०१९ मध्ये कार्डात आले. न्यूमोनियावरची न्यूमोकोकलची लस २०२१ मध्ये आली. त्याआधी तीच न्यूमोकोकल खाजगीत हजारो रुपयांना होती आणि तेव्हाही लोक मला हेच म्हणायचे, गरज असती तर सरकारने दिली नसती का? गरज तेव्हाही होती, न्यूमोनियाने मुलं तेव्हाही दगावत होती. कोट्यवधी मुलांना द्यायची म्हटली की पैसा, साठवण, माणसं, सगळ्याची जुळणी लागते आणि सरकार एकेक लस क्रमाने घेतं. फ्लूची तर दर वर्षी नवी बनते, दर वर्षी द्यावी लागते, त्यामुळे ती आणखी अवघड. कार्डात जी आहे ती चुकवायची नाहीच. पण कार्डात नाही म्हणून गरज नाही, असा अर्थ काढू नका.

आणि ओवीची आई, एक गोष्ट लिहू का? तुम्ही तेव्हा आठव्या महिन्यात होतात. फ्लूची लस सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देताच येत नाही. त्या बाळाला संरक्षण मिळतं ते आईने गरोदरपणी घेतलेल्या लसीतून. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, यात तुमची चूक नाही. राज्य सरकारने २०१५ च्या साथीनंतर गरोदर बायकांना आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली होती. साठा दर वेळी असतोच असं नाही, पण इथे कुणी गरोदर असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा.

अक्कलकोटरोड | ५ मे, दुपारी २.३५

धन्यवाद सिस्टर. दोन वर्षं मी चुकीच्या समजुतीत होतो.

होटगीरोडकर | ५ मे, रात्री ९.३०

मी लसीच्या विरोधात नाही. माझ्या मुलीचं कार्ड पूर्ण आहे, ती आता सात वर्षांची आहे. तरी फ्लूच्या लसीला मी दोन वर्षं नाही म्हणत आलोय, आणि त्यामागे आळस नाही.

गोवराची लस दोनदा घेतली की विषय संपला. ही मात्र दर वर्षी घ्यायची, आणि घेऊनही चांगल्या वर्षात फ्लूचा धोका कमी होतो तो ४० ते ६० टक्के. पुढे कोणता विषाणू येईल याचा अंदाज चुकला तर त्याहूनही कमी. अमेरिकेत १९७६ मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीने मोहीम काढली, सुमारे साडेचार कोटी लोकांना टोचलं. मग काहींना गियाँ-बारे, म्हणजे हातपाय लुळे पडण्याचा आजार होतोय असं दिसलं आणि मोहीम थांबवावी लागली. साथ तर आलीच नाही. जपानने १९६२ पासून शाळेतल्या मुलांना सरसकट ही लस दिली, १९७७ मध्ये ती कायद्याने बंधनकारक केली, १९८७ मध्ये निर्णय पालकांवर सोडला आणि १९९४ मध्ये कार्यक्रमच बंद केला. इतका शिस्तीचा देश तीस वर्षं देऊन थांबतो, तर आपण पोटाला चिमटा काढून का सुरू करायची?

ज्यांना माहिती आहे त्यांनी उत्तर द्यावं. मला वाद जिंकायचा नाही, कळून घ्यायचंय.

शेंगाचटणी | ५ मे, रात्री ९.५०

मुद्दे विचार करण्यासारखे आहेत. डॉक्टर कुणी आहेत का इथे?

पूर्वभाग_बालरोग | ६ मे, रात्री ११.२०

ओपीडी संपवून आत्ता आलो. पूर्व भागात माझा छोटा दवाखाना आहे. या लसीवर माझेही पैसे सुटतात, हे आधीच सांगतो, म्हणजे माझं म्हणणं त्या हिशेबाने वाचता येईल.

राजूभाऊ, तुमच्या साडूच्या मुलाला झाली ती सर्दी होती, आणि ही लस सर्दीची नाहीच. सर्दीचे विषाणू शेकड्यांनी आहेत. लहान मूल वर्षाला सहा-आठ वेळा सर्दीने आजारी पडतं आणि त्यातलं बहुतेक सगळं तुमच्या गवती चहावर बरं होतं, मीही दुसरं काही देत नाही. फ्लू वेगळा. ताप एकदम चढतो, अंग मोडून येतं, मूल खेळणं सोडून आईच्या मांडीवर पडून राहतं. बहुतेक मुलं यातूनही आठवड्यात उठतात. पण पाच वर्षांखालच्या, त्यातही दोन वर्षांखालच्या काही मुलांच्या छातीत तो उतरतो. कुणाच्या उतरेल ते आधी कळत नाही, बाळसेदार, कधी आजारी न पडलेली मुलंही मी त्यात पाहिलीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की फ्लूमुळे छातीत संसर्ग होऊन दगावणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ९९ टक्के विकसनशील देशांतली असतात. ती मुलं आपल्यासारख्या गावांतली आहेत.

होटगीरोडकर, तुमचे आकडे बरोबर आहेत. ५० टक्के याचा अर्थ असा धरा. समजा एका बालवाडीत शंभर मुलं आहेत आणि लस न देता एका पावसाळ्यात त्यातल्या दहांना फ्लू झाला असता. सगळ्यांना दिली तर पाचांना होईल. त्या पाचांनाही होतो तो बहुतेक वेळा सौम्य, अ‍ॅडमिट करायची वेळ कमी येते. गोवराच्या लसीशी तुलना केली तर ही दुबळी लस आहे, हे मी माझ्या पेशंटांपासून लपवत नाही. पण अ‍ॅडमिट होणारं एक मूल कमी झालं तर त्या घराला काय वाचतं, ते ओवीच्या आईने वर लिहिलंच आहे.

१९७६ चं खरं आहे. तेव्हा लाखात साधारण एकाला तो आजार जास्त झाला. आजच्या लसींत तो धोका असलाच तर दहा लाखांत एक-दोन, आणि खुद्द फ्लू झाल्यावर गियाँ-बारे होण्याचा धोका त्याहून मोठा आहे.

जपानची गोष्ट मात्र १९९४ मध्ये संपत नाही. २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जपानमधले हिवाळ्यातले मृत्यू वर्षावर्षाने मांडले होते. मुलांना लस दिली जात होती त्या वर्षांत म्हाताऱ्या माणसांचे मृत्यू कमी झालेले दिसले आणि मुलांची लस थांबल्यावर ते पुन्हा वाढलेले दिसले. एका अभ्यासावर सगळं ठरत नाही, त्यावर पुढे वादही झाले. पण फ्लू घराघरांत पसरतो तो मुलांमार्फत, मुलांच्या नाकातून विषाणू मोठ्यांपेक्षा जास्त दिवस बाहेर पडत राहतो, आणि आपल्याकडे तर नातवंडं आजीच्याच अंथरुणात झोपतात.

दर वर्षी का, तेही सांगतो. विषाणू आपलं वरचं रूप बदलत राहतो आणि लसीचं संरक्षणही सहा महिने ते वर्षभरात ओसरतं. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा कोणते प्रकार घ्यायचे ते ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. आपण नकाशात उत्तरेला आहोत, पण आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, जुलै ते सप्टेंबर. दुसरी थंडीत, जानेवारी ते मार्च, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे. म्हणून सप्टेंबरमध्ये ठरलेली, उन्हाळ्यात बाजारात येणारी लस आपल्याला सोयीची पडते. एप्रिल-मे ही त्यासाठी बरोबर वेळ. पाऊस सुरू झाल्यावर दिली तरी वाया जात नाही, फक्त संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात हे लक्षात ठेवा.

भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षं या वयात सगळ्याच मुलांना दर वर्षी द्या असं सांगते. पाचच्या पुढे दमा, हृदयविकार, मधुमेह असं काही असेल तर द्या. म्हणून होटगीरोडकर, तुमची सात वर्षांची मुलगी धडधाकट असेल तर दिली नाही म्हणून मी तुम्हाला दोष देणार नाही.

होटगीरोडकर | ७ मे, सकाळी ७.४५

डॉक्टर, रात्री उशिरा एवढं लिहिलंत, मनापासून आभार. जपानचं पुढचं मला माहीत नव्हतं. मी अर्धीच गोष्ट वाचून दोन वर्षं ठाम होतो. माझी आई ७१ वर्षांची आहे, तिला दमा आहे आणि मुलगी तिच्याच खोलीत झोपते. मुलीचं अजून ठरवतोय. आईला मात्र या आठवड्यात घेऊन जातो.

रेणुका_कुंभारी | ७ मे, दुपारी ३.३०

मी कुंभारीच्या विडी घरकुलातून लिहायलेय. आई आणि मी विड्या वळतो, नवरा कारखान्यात टॉवेलच्या मागावर आहे. माझा मुलगा दोन वर्षांचा. तंबाखूच्या धुळीने की काय, त्याची छाती महिन्यातून एकदा तरी वाजतेच, वाफ द्यावी लागते. १,८०० रुपये म्हणजे आमचे कितीतरी दिवस. दोन डोस एकदम जमणारच नाहीत. एकच दिला तर चालतो का? आणि छाती वाजणाऱ्या मुलाला ही लस चालते का? शेजारची म्हणतेय की दम्याच्या पोराला दिली की दम वाढतो.

पूर्वभाग_बालरोग | ७ मे, रात्री १०.५०

रेणुकाताई, शेजारणीला सांगा, उलट आहे. छाती वाजणाऱ्या मुलाला ही लस सगळ्यात आधी हवी, कारण फ्लू झाला की त्याचाच दम सगळ्यात जास्त लागतो. सुईने देतात ती लस मेलेल्या विषाणूची असते, तिच्यातून फ्लू होऊच शकत नाही. नाकात फवारायची एक लस असते, तिच्यात दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. ती अशा मुलांना देत नाहीत, तेवढं डॉक्टरांना आठवणीने सांगा.

पहिल्या वर्षी दोन डोस लागतात, कारण लहान मुलाच्या शरीराची फ्लूशी ओळख नसते. पहिला डोस ओळख करून देतो, दुसरा ती पक्की करतो. एकट्या पहिल्या डोसने संरक्षण अपुरं मिळतं. पण चार आठवडे हे कमीत कमी अंतर आहे. दुसरा सहा आठवड्यांनी, आठ आठवड्यांनी दिला तरी पहिला फुकट जात नाही. पैसे जमतील तसं करा. पुढच्या वर्षी एकच लागेल.

एक बिनपैशाची गोष्ट सांगतो, ती ओवीच्या आईसाठीही आहे. मूल शांत असताना किंवा झोपेत त्याचं पोट उघडं करा, मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, चुकतं. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त आले, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त आले, तर त्याच वेळी दवाखाना. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, पिणं सोडलं असेल, हाक मारून डोळे उघडत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजतही बसू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. सिव्हिल रात्रभर उघडं असतं.

तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या. अ‍ॅस्पिरिन मुलांना कधीच देऊ नका. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची बाटली फ्लूवर चालत नाही. फ्लूवर वेगळं औषध आहे, पण ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर नीट उपयोगी पडतं, म्हणून वाजणाऱ्या छातीचं मूल तापलं तर दोन दिवस वाट पाहू नका.

आणि विड्या वळायची जागा मुलापासून शक्य तेवढी लांब. घर एका खोलीचं आहे हे मला माहीत आहे. निदान तो झोपतो त्या कोपऱ्यात तंबाखूचं सूप आणि पानं नकोत.

कन्नाचौक_राजू | ७ मे, रात्री ११.१५

रेणुकाअक्का, पहिल्या डोसचे पैसे कमी पडायले तर मला निरोप टाका. मी वर सर्दी-पडसं म्हणून लिहिलं होतं, पण छाती वाजणाऱ्या पोराची गोष्ट वेगळी आहे.

ओवीची_आई | ८ मे, दुपारी १.००

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. एकच शंका उरलीय. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन आहे आणि आमच्याकडे दिवसातून दोनदा तरी वीज जाते. ही लस फ्रिजमधली. दवाखान्यात ती नीट राहिलीय की नाही, हे आपल्याला कसं कळणार? डॉक्टरांना विचारलं तर त्यांना राग येईल का?

लसीकरण_सिस्टर | ८ मे, संध्याकाळी ६.३०

जरूर विचारा. जो नीट ठेवतो त्याला राग येत नाही.

लस २ ते ८ डिग्रीत राहायला हवी. बर्फ झाली तरी ती खराब होते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. म्हणून फ्रीजरच्या कप्प्यात किंवा दारात ठेवत नाहीत. लसीच्या फ्रिजमध्ये आत थर्मामीटर असतो आणि बाजूच्या कागदावर सकाळ-संध्याकाळ तापमान लिहिलेलं असतं, तो कागद दाखवा म्हणायचं. फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या, जेवणाचा डबा दिसला तर मी असते तर तिथे टोचून घेतलं नसतं. वीज गेल्यावर फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा काही तास टिकतो. जास्त वेळ गेली तर आइसपॅकच्या डब्यात हलवतात.

औषधाच्या दुकानातून स्वतः आणून पिशवीतून नेऊ नका, या उन्हात तर नकोच. डब्यावरची मुदत बघा आणि लस कोणत्या मोसमाची आहे तेही छापलेलं असतं, ते बघा. मागच्या वर्षीची उरलेली नको. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. अंड्याची जबरदस्त अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा, पण नुसती अंड्याची अ‍ॅलर्जी आहे म्हणून आता लस नाकारत नाहीत.

अर्णवला नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला आहे, ती विसरू नका. दोन्ही लसी एकाच दिवशी दिल्या तरी चालतात.

ओवीची_आई | ११ मे, रात्री ९.१०

काल दोघांना दिली. कसं झालं ते लिहिते.

शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर मी हा धागा सासूबाईंना वाचून दाखवला, मोठ्याने, सगळा. ओवीचे बाबा भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत बसले होते. सिस्टरांचं कार्डाबद्दलचं संपल्यावर ते फक्त "बरोबर आहे" एवढंच म्हणाले. जपानचं आलं तेव्हा सासूबाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "म्हणजे लहानांकडून म्हाताऱ्यांना होतो. आणि म्हाताऱ्यांकडून लहानांना?" मी म्हटलं, होतो की. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पंढरपूरहून आणला तो मीच ना."

वर्षभर मी हे त्यांना एकदाही बोलले नव्हते. बोलायचं नव्हतंच, कारण वारीच्या गर्दीत कुणालाही होऊ शकतं. पण त्यांच्याही मनात ते वर्षभर होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "आई, तुम्हाला कुठे माहीत होतं." त्या उठल्या, कपाटातून भिशीचे पैसे काढले आणि म्हणाल्या, "तिघांना घेऊ. या वर्षीही आषाढीला जाणार आहे मी." त्यांना मधुमेह आहे, म्हणून डॉक्टरांनीही लगेच हो म्हटलं. मोठ्यांना एकच डोस लागतो.

फ्रिजबद्दल विचारलं. डॉक्टरांनी स्वतः उठून दार उघडून दाखवलं. कागदावर सकाळचे ४ डिग्री लिहिले होते.

अर्णवला मांडीत दिली, दहा सेकंद रडला. ओवीला दंडात, आजीच्या मांडीवर बसवून. आधी आजीने आपला दंड पुढे केला, म्हणून तिने बाही वर करू दिली. रात्री अर्णवचं अंग थोडं गरम लागलं, १००.२ होता, एकदा औषध दिलं, सकाळी उतरला. ओवी आज दिवसभर दंडावरची पट्टी सगळ्यांना दाखवत फिरतेय.

दुसरा डोस ७ जूनला. शाळा १६ ला सुरू होते, म्हणजे दोन आठवडे पूर्ण व्हायला पाचेक दिवस कमी पडतील. तेवढे दिवस शाळेत तिला उशिरा घालावं का, हे कुणी सांगू शकेल का?

पूर्वभाग_बालरोग | ११ मे, रात्री ११.००

घाला शाळेत, पाच दिवसांनी फार फरक पडत नाही. पहिल्या डोसचं थोडं संरक्षण तोवर असतंच. वर्गात खोकणारं मूल शेजारी असेल तर बाईंना जागा बदलायला सांगा, आणि तुमची तापली तर तिलाही घरी ठेवा.

रेणुका_कुंभारी | २४ मे, संध्याकाळी ७.१५

मुलाला पहिला डोस झाला. राजूदादांना निरोप टाकला होता, अर्धे त्यांनी दिले, अर्धे मी जमवले. दुसरा जुलैच्या पहिल्या आठवड्यात, हप्ता मिळाला की.

डॉक्टर, तुम्ही सांगितलं तसं रोज रात्री तो झोपल्यावर मोजायलेय. काल ३१ आले, आज २८. आई पण शिकली मोजायला. सूप आता दाराबाहेर वळचणीला ठेवतो. पाऊस सुरू झाल्यावर कुठे ठेवायचं ते बघायचंय.